काडतुसे भरण्याचे हातमशीन आणि त्याची वारस

बिस्मिल्लाह.

मी, हाजरा ताजुद्दीन हुर्जुक, मूळ गाव पाभरे, तालुका म्हसळा, जिल्हा रायगड, सध्या राहणार अल-खोबर, सौदी अरेबिया, वय अठ्ठावन्न, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी शेजारी बसून मजकूर सांगत नाही. माझे पती स्वयंपाकघरात चहा करत आहेत आणि त्यांना यात काय आहे ते ठाऊक नाही.

कारण असे की पुढच्या महिन्यात आम्ही हा देश कायमचा सोडत आहोत. पतींचे वय झाले, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आता वाढणार नाही. मुंबईला पोचल्यावर माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको. काळजी नाही, पण लग्नाआधी मी गावच्या मराठी शाळेत मास्तरीण होते, आणि वर्ग सोडताना फळा पुसून जायची सवय आहे. तेवढ्यासाठी हे लिहिणे.

कलम पहिले. पनवेलचा फ्लॅट माझ्या नावावर आहे. तो, आणि बँकेत जे काही असेल ते, शरियतप्रमाणे माझे पती, मुलगा हाशिर आणि मुलगी फरहाना यांच्यात वाटले जावे. यात माझे मत चालत नाही आणि चालवायचेही नाही. फरहानाला भावाच्या निम्मे येते. हाशिर, तुला पूर्ण येते म्हणून तू पूर्ण घेतलेच पाहिजेस असे मात्र कुठे लिहिलेले मला आढळले नाही. विचार कर.

कलम दुसरे. शरियत मला एवढी मुभा देते की मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतची वस्तू मी वारस नसलेल्या माणसाला देऊ शकते. ही मुभा मी फक्त एकाच वस्तूसाठी वापरणार आहे. ती वस्तू म्हणजे शिकारीच्या बंदुकीची काडतुसे घरी भरण्याचे लोखंडी हातमशीन. सध्या ते आमच्या बेडरूमच्या कपाटात, हिवाळी रजयांच्या मागे, जुन्या उशीच्या खोळीत आहे. माझ्यासारख्या बाईकडे ते कसे, हा प्रश्न पडणे साहजिक आहे, म्हणून पुढची कलमे जरा लांबली आहेत.

कलम तिसरे. माझा भाऊ हनीफ याच्याविषयी.

आमच्या अब्बांकडे शेतरक्षणाच्या परवान्याची दुनळी बंदूक होती. भात पोटरीला आले की रानडुकरे उतरत. विकतची काडतुसे महाग आणि शहरात मिळत, म्हणून अब्बा पितळी काडतुसे घरीच पुन्हा भरायचे. खाली ठिणगी देणारी टोपी, मग दारू (बंदुकीची, दुसरी आमच्या घरात आली नाही), मग पुठ्ठ्याचे बूच, मग छर्रे, वर पुन्हा बूच. पुठ्ठ्याची गोल बुचे ठोकून काढणे हे माझे काम. हनीफला त्या कामाचा कंटाळा होता, मला नव्हता. एवढ्याशा नळकांड्यात एवढा आवाज कुठे बसतो, हे मला कळत नसे आणि कळल्याशिवाय चैन पडत नसे. मी अब्बांना विचारायची, डुकराला आधी काय पोचते, आवाज की छर्रे? अब्बा म्हणत, "डुकराला विचार."

अब्बा गेले तेव्हा मी इथे होते. हनीफने बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, ते योग्यच केले. पण बुचे काढायचा ठोकणा, लाकडी ठासणी आणि पितळी काडतुसे त्याने भंगारवाल्याला दिली. फोनवर मी विचारले तर म्हणाला, "त्या लोखंडाचं तू काय करणार होतीस?" याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. हनीफ, ठोकण्याला अब्बांच्या हाताचा घट्टा पडला होता, तो मला हवा होता. मी तुझ्यावर वर्षानुवर्षे रागावले आहे आणि तुला ते कळलेही नाही, कारण ईदला मी गोडच बोलते. हा राग मी बरोबर नेत नाही, पण तो होता, हे नोंदवून ठेवते.

कलम चौथे. सदर मशीन माझ्या आयुष्यात कसे आले.

अल-खोबरमध्ये आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत एक सौदी कुटुंब राहते. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून ती उम्म राकान, राकानची आई. आणि तिचा नवरा अबू राकान. ओळख झाली ती उम्म राकानला शिवणाच्या सुईत दोरा ओवता येईना म्हणून. मोतीबिंदू होता. मी दोरा ओवून दिला, तिने कहवा दिला, आणि माझे कुराणातले अरबी नि तिचे गल्लीतले अरबी यांची गाठ पडली. सुरुवातीला आम्ही जास्त हसायचो आणि कमी बोलायचो.

एके दिवशी तिच्या जेवणघरात टेबलाला पेचाने आवळलेले ते मशीन मला दिसले. एक दांडा, खाली बैठक, बाजूला वापरलेल्या लाल काडतुसांची टोपली. मी दारातच थांबले. उम्म राकानला वाटले मी घाबरले. मी बोटाने टोपी, दारू, बूच, छर्रे असे क्रमाने दाखवले. ती नवऱ्याला हाका मारत आत पळाली.

अबू राकान शिकारी माणूस. आयुष्यभर वाळवंटात कबुतरे, तितर मारले. आता कंपवाताने हात थरथरत. नवल असे की बंदूक खांद्याला लागली की हात स्थिर होई, पण चहाचा पेला उचलला की सांडे. त्यामुळे बार ते उडवू शकत, पण भरू शकत नसत. भरायचे काम बायकोने घेतले होते आणि तिला नीट दिसत नव्हते. हात होते तिथे डोळे नव्हते.

मी घरी येऊन सांगितले तेव्हा ताजुद्दीन म्हणाले, "तू दारूला हात लावायचा नाहीस. आपण परदेशी माणसं. काही झालं तर खलास." मी कबूल केले आणि तो शब्द शेवटपर्यंत पाळला. माझे काम एवढेच ठरले: बूच बसण्याआधी प्रत्येक काडतुसात विजेरीने डोकावायचे. दारू नेहमीच्या उंचीला आहे असे दिसले की मी म्हणायची, "शुफ्त." पाहिले. मग उम्म राकान दांडा ओढायची. अबू राकान पलीकडच्या खोलीतून, उघड्या दारातून, सूचना करायचे आणि आम्ही त्यांतल्या निम्म्या ऐकायचो नाही.

मला लोक विचारतील, यात मजा काय? मी सांगते. इथे आल्यापासून मी स्वयंपाक केला, मुलांचे डबे भरले, मुले इंग्रजीतून उत्तरे देऊ लागली तेव्हा गप्प बसायला शिकले. त्या टेबलापाशी मला कोणी काहीतरी समजावून सांगत होते. दारू फुटत नाही, भराभर जळते. कोंडलेली असते म्हणून ढकलते. हे मला अबू राकाननी सांगितले तेव्हा मी घरी जाऊन उकळत्या कुकरच्या शिट्टीकडे बराच वेळ बघत राहिले होते.

आवाज की छर्रे, हेही मी त्यांना विचारले. त्यांनी मला "डुकराला विचार" म्हटले नाही. पुढच्या शुक्रवारी आम्हा दोन्ही कुटुंबांना शेतावर नेले, खजुरीला पत्रा टांगला आणि आम्हाला दूर, सुरक्षित बाजूला उभे करून बार काढला. उम्म राकान म्हणाली आधी पत्रा वाजला. ताजुद्दीन म्हणाले आधी बंदूक. मला दोन्ही एकदम ऐकू आले. अबू राकान म्हणाले, जवळ असताना छर्रे पुढे, लांब गेले की ते दमतात आणि आवाज त्यांना गाठतो; आपले कान मात्र त्या शर्यतीत कामाचे नाहीत. एवढ्या वर्षांनी उत्तर मिळाले. परतीच्या वाटेवर मी गाडीत एक शब्द बोलले नाही, इतकी खूश होते.

कलम पाचवे. हे कलम राकानविषयी आहे आणि ते मी कमी-जास्त न करता लिहिते.

सन २०१२. सरकारने नियम केला होता की प्रत्येक कंपनीत ठरावीक इतकी सौदी माणसे हवीत. आमच्या ह्यांच्या कंपनीतही याद्या लागल्या. ताजुद्दीन तिथे सुट्या भागांच्या नियोजनाला होते. त्यांना सांगण्यात आले की तुमच्या जागी एक तरुण सौदी इंजिनिअर येईल, त्याला काम शिकवा, मग तुमचे काय करायचे ते तो आणि साहेब मिळून ठरवतील. तो तरुण आला. तो राकान होता. अमेरिकेत शिकून नुकताच परतलेला.

मला राग आला का? आला. पण मी हेही लिहिते की देश त्यांचा आहे आणि आपल्या मुलांना घरी काम असावे असे त्यांना वाटले तर त्यात गैर काही नाही. आमच्या कोकणातल्या पोरांना गावात काम असते तर आम्ही इथे आलोच नसतो. दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकाच वेळी होत्या.

त्या काळी सुट्टी गुरुवार-शुक्रवार असे. एका गुरुवारी सकाळी उम्म राकानच्या हाताला चमक भरली म्हणून राकान दांड्यावर बसला. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने ओढतोय. मी विजेरी नेईपर्यंत काडतूस बंद झालेले असे. मी म्हटले, "थांब, मी पाहिलं नाही." तो मला खाला, म्हणजे मावशी, म्हणे. म्हणाला, "खाला, हे काही विमान नाही." आणि भरलेली सगळी त्याने आईने आठवडे खपून भरलेल्या पेटीत ओतली. दुसऱ्या दिवशी बापलेक शेतावर जाणार होते.

दुपारी जेवताना मी ताजुद्दीनना सांगितले. 

"महिनाअखेरीस माझी फाईल त्याच्या हातात आहे," ते म्हणाले. "तू आज गप्प बस."

"आणि एखाद्यात दुप्पट दारू पडली असेल तर? नळी फुटली तर?"

"फुटेलच असं नाही."

"फुटणार नाही असंही नाही."

त्यांनी ताट पुढे सारले. मग हात धुवून आले आणि म्हणाले, "जा. पण भांडू नकोस. नुसतं विचार."

मी गेले. तिघेही घरात होते. मी राकानला विचारले, "बाळा, या पेटीतली कुठली मी पाहिलेली नाहीत, तेवढी वेगळी काढून देशील?"

तो म्हणाला, सगळी ठीक आहेत. अबू राकान खुर्चीतून म्हणाले, "तिने ते विचारलं नाही. कुठली, ते विचारलं."

राकानला सांगता येईना. सगळी लाल, सगळी सारखी.

"मग सगळी उघडा," अबू राकान म्हणाले.

"बाबा! आईची अख्ख्या हंगामाची मेहनत आहे." आणि मग माझ्याकडे न बघता तो बोलला, "हिला माझा राग आहे. हिच्या नवऱ्याची खुर्ची मला मिळाली म्हणून."

 माझे अरबी अशा वेळी पळून जाते, पण त्या दिवशी राहिले. मी म्हटले, "हो, राग आहे. पण राग वेगळा आणि ही पेटी वेगळी. माझ्या रागासाठी ही पेटी उघडू नकोस. तुझे बाबा उद्या हे खांद्याला लावणार आहेत, त्यांच्यासाठी उघड."

उम्म राकानने टोचा घेतला आणि पहिल्या काडतुसाचे तोंड उकलले.

आम्ही उकलत गेलो. छर्रे परातीत, बूच बाजूला, दारू पाहायची. बरोबर. पुढचे बरोबर. त्याच्या पुढचेही बरोबर. परात भरत आली आणि एकातही दुप्पट दारू सापडली नाही.  मला वाटले, मी एका बाईची मेहनत मातीत घातली आणि नवऱ्याचे कामही. उम्म राकान माझ्याकडे बघत नव्हती. राकान फोन खिशात घालून भिंतीला टेकून उभा होता, जिंकलेल्या माणसासारखा.

मग उम्म राकानने एक काडतूस उलटे केले, तळहातावर आपटले, पुन्हा आपटले. काही पडले नाही. आत दारू नव्हतीच. टोपी, बूच, छर्रे, आणि मध्ये काही नाही.

राकान हसला. "हे? याने काय होणार? फुस्स होईल."

मलाही तसेच वाटले होते, हे कबूल केले पाहिजे. मी आयुष्यभर जास्तीला भ्यायले होते, कमीला कधी भ्यायले नव्हते. पण अबू राकान खुर्चीतून उठून उभे राहिले. आधाराशिवाय उठलेले मी त्यांना क्वचितच पाहिले होते. त्यांनी टेबलावरचे पेन घेतले, आतली कांडी काढली, कापसाचा बोळा नळीत दाबला आणि पेन राकानच्या हातात दिले.

"फुंक."

बोळा निम्म्यावर जाऊन अडकला.

"नुसत्या टोपीत एवढाच जोर असतो," ते म्हणाले. "बूच नळीत अडकतं. मला वाटतं बार फुकट गेला. मी दुसरं काडतूस घालतो, चांगलं, पूर्ण भरलेलं, आणि त्याच नळीतून उडवतो. त्याने कुठून जायचं?"

राकानने त्या पेनाकडे पाहिले आणि मग बापाच्या डाव्या हाताकडे, जो नळीखाली असतो. तो खाली बसला. फोन वाजत होता, त्याने उचलला नाही. मी मात्र, लाज वाटते सांगायला, त्या क्षणी कोणाचे काय होणार होते यापेक्षा त्या बोळ्याचाच विचार करत होते. रिकामे भरलेल्यापेक्षा घातक! हे मला कोणी आधी का नाही सांगितले?

कलम सहावे. पुढे काय झाले.

राकानने माफी मागितली नाही. मागितली असती तर मलाच अवघडल्यासारखे झाले असते. दुसऱ्या दिवशी शेतावर कोणी गेले नाही. संध्याकाळी तो आमच्याकडे आला, खाली आलेला गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन तिन्ही जिने चढला, स्वयंपाकघरात ठेवला आणि निघून गेला. शनिवारी कंपनीत तो ताजुद्दीनच्या समोर बसायचा तो बाजूला येऊन बसला. "मला तुम्ही कसं बघता ते शिकवा," एवढेच म्हणाला.

खुर्ची त्यालाच मिळाली. नियम तो नियम. पण त्याने आपल्या मामाच्या दम्माममधल्या गोदामात ताजुद्दीनचे नाव घातले, नवा कफील, म्हणजे हमी घेणारा मालक, मिळवून दिला, कागद स्वतः फिरवले. त्या गोदामात माझ्या पतींनी आजपर्यंत मानाने काम केले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गावी लोक एकच बाजू सांगतात.

अबू राकान २०१६ साली गेले. बंदूक राकानने परवान्यासकट सरकारजमा केली. त्याला शिकारीची आवड नव्हती. इद्दत, म्हणजे विधवेने पाळायचा काळ, संपल्यावर उम्म राकानने मला बोलावले. मशीन टेबलावरून काढलेले होते, पेचाचे दोन वळ लाकडात दिसत होते. "मला हे दिसत नाही आणि याला मी दिसत नाही," ती म्हणाली. "तू घेऊन जा." मी म्हटले, मी याचे काय करणार? तिने मला विचारले, "मग रडतेस कशाला?"

कलम सातवे. मशीनची व्यवस्था.

हे मशीन मी माझी सून दुआ हाशिर हुर्जुक हिला देते. शरियतप्रमाणे ती माझी वारस नाही, म्हणून देता येते. पण खरे कारण ते नव्हे. मी ही हकीकत मुलांना कितीदा सांगितली. हाशिर म्हणाला, "अम्मी, प्लीज, एअरपोर्टवर हे कोणाला सांगू नका." फरहाना म्हणाली, "पण तुम्ही घाबरला नाहीत?" दुआ नवी नवरी होती, भांडी घासत होती. तिने नळ बंद केला आणि विचारले, "पण मग त्यांना आवाजावरून कळलं नसतं का, की बार नीट उडाला नाही?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. कळले असते, दुआ. फुसका आवाज आला की थांबायचे, बंदूक उघडायची, नळीतून उजेड दिसतो का पाहायचे. अबू राकानना ते ठाऊक होते. पण त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते आणि ते कोणाला सांगत नसत.

दुआने या मशीनवर काही भरू नये; आपल्याकडे परवाना नाही आणि गरजही नाही. टोप्या, दारू, छर्रे यांतले काहीही माझ्याकडे नाही, कधी नव्हते. विमानतळावर विचारलेच तर खरे सांगावे. ठेवून घेतले तर ठेवून घेऊ द्यावे, भांडू नये. मिळाले तर दांड्याला वर्षातून एकदा तेल द्यावे आणि तिला हवे तर पूर्ण उलगडून पाहावे. उलगडलेले पुन्हा जोडता आले नाही तरी चालेल.

कलम आठवे. मला मृत्यू जिथे येईल तिथेच दफन करावे. माझे शव इकडून तिकडे नेऊ नये. मुंबईत आला तर मुंबईत. कबरीवर नाव नको.

कलम नववे. उम्म राकानला मी गेल्याचे फोनवर सांगू नये. राकानने घरी जाऊन, शेजारी बसून सांगावे.

हा मजकूर आज जुम्म्याच्या नमाजानंतर मी दोन्ही साक्षीदारांपुढे वाचला. पहिले साक्षीदार जाफरभाई आमच्याच इमारतीत राहतात, श्रीवर्धनचे आहेत, त्यांना मराठी येते. दुसऱ्याला येत नाही, म्हणून मी कलमे एकेक करून माझ्या मोडक्या अरबीत सांगितली. पाचवेही, त्यातल्या त्याच्या वाक्यासकट. राकान आता त्या विभागाचा प्रमुख आहे, दाढीत दोन केस पांढरे आहेत. त्याने मान खाली घालून ऐकले. नववे कलम ऐकून म्हणाला, "करीन."

मग त्याने विचारले, "खाला, यात मला काय ठेवलंस?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"ज्याला मिळतं त्याने साक्ष देऊ नये अशी रीत आहे," मी म्हटले. "मला तुझी सही हवी होती. म्हणून तुला काही ठेवलं नाही."

 ताजुद्दीननी चहा आणून त्याच्यापुढे ठेवला. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "मला मिळायचं ते आधीच मिळालंय. खाला, आण पेन."

लिहून देणार: हाजरा ताजुद्दीन हुर्जुक (सही)

साक्षीदार १: जाफर इस्माईल खतीब (सही)
साक्षीदार २: राकान (सही अरबीत, मजकूर ऐकून, समजून केली)

ठिकाण: अल-खोबर
दिनांक: ११ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार